खुडूक कोंबडीचा हिशेब

जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने परसातल्या पाळणीसाठी काढलेल्या ‘नर्मदा निधी’ कोंबडीचं नाव निघालं की एक आकडा हमखास येतो: वर्षाला १८१ अंडी. तीन हिस्से जबलपूर कलर आणि एक हिस्सा झाबुआकडची कडकनाथ, असा हा संकर. गावठी कोंबडी पन्नाशीच्या आसपासच थांबते. त्याच जबलपूरजवळच्या बरगी धरणाने १६२ गावांना फटका बसला. जमीन गेलेल्या माणसाला परसातच करता येणारा हा जोडधंदा. तिथे १८१चा मोह पडणारच, आणि आकडा खोटाही नाही. फक्त तो अंडी मोजतो, कोंबडीचं काम मोजत नाही.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. पोटाखालची पिसं उपटून अंड्यांना थेट कातडीची ऊब देते, चोचीने ती दिवसातून अनेकदा फिरवते, कडेची मध्ये आणते. दाणापाण्यापुरती एकदा उठते आणि भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून परत येते. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरली, तर जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. वांझ अंडं स्वच्छच राहतं. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू कवचातून चिवचिवतं आणि कोंबडी दबक्या आवाजात त्याला ओ देते. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात, पुढे दोन महिने तिच्यामागे फिरतात. यंत्रात हेच करायला साडेसदतीस अंशांची ऊब, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवणं, मग वाढवलेली आर्द्रता, आणि पिल्लं निघाल्यावर बल्बखाली पहिला आठवडा पस्तीसेक अंशांची ऊब लागते. गावठी कोंबडी हे सगळं विजेशिवाय करते. आपण मात्र तिचे तेवढे दिवस ‘अंडी शून्य’ म्हणून लिहितो.

सुधारित जातींत निवड अंड्यांसाठी होते. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून ही सवय पिढ्यान्‌पिढ्या मागे पडते. मग कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या की नवी पिल्लं पुन्हा उबवणी केंद्रातून आणावी लागतात. पिल्लं वेळेवर मिळाली नाहीत, तर खुराडं रिकामं.

यावर म्हणतील की गावठी कोंबडीची निम्मी पिल्लं घार आणि मुंगूसच नेतात, उरलेली मानमोडीच्या (राणीखेत) रोगात जातात. आक्षेप खरा आहे. पण मानमोडी जात बघून येत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि रात्री बंद होणारं डालगं गावठी आणि सुधारित दोघींच्याही पिल्लांना लागतंच. दुसरा आक्षेप असा, की घरचीच अंडी उबवली तर संकराच्या पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. हेही खरं. म्हणून तर विद्यापीठाकडून पिल्लांऐवजी उबवणीची फलित अंडी आणून गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. अंडी कोणाची, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

तेव्हा नर्मदा निधीच्या कोंबड्यांचं वाटप करताना प्रत्येक घरी दोन-तीन गावठी कोंबड्या राखायला सांगावं. योजनेच्या कागदावर १८१ जरूर लिहावं. शेजारी आणखी एक रकाना हवा, तिसऱ्या वर्षी किती घरांत कोंबड्या उरल्या याचा.