मोटारीच्या झरोक्यांतून येणारी दुर्गंधी

पावसाळा लागला, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास एक अनुभव हटकून येतो. सकाळीं गाडी सुरू करून एसीचें बटण दाबावें, तों समोरच्या झरोक्यांतून गारव्याच्या आधीं ओल्या पायमोजांसारखा कुबट वास येतो. मिनिटभरानें तो विरतो आणि गृहस्थही तो विसरतो. पुढें तो विरेनासा झाला, म्हणजे बाजारांतून अत्तराची कुपी आणून झरोक्यास अडकविण्यांत येते. त्यायोगें मोगरा आणि कुबटपणा यांचा मिळून एक तिसराच वास उत्पन्न होतो, एवढेंच.

थंड पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम सुटतो, हें कोणीं पाहिलेलें नाहीं? तांब्या पाझरत नसतो; हवेंतील बाष्प गार धातूवर निवून त्याचें पाणी होतें. मोटारींतही हाच प्रकार घडतो. डॅशबोर्डाच्या मागें नळ्यांची व पातळ पत्र्यांची एक जाळी असते. कारागीर तिला कूलिंग कॉइल म्हणतात. पंख्यानें लोटलेली हवा या जाळींतून जातांना आपलें बाष्प तेथें टाकते आणि तें पाणी एका लहान नळीवाटे गाडीखालीं ठिबकतें. उभ्या गाडीखालीं दिसणारें थारोळें तें हेंच, व तें सुलक्षणच समजावें. परंतु यंत्र बंद केल्यावर जाळीच्या फटींत ओल राहते. त्यांत वाटेवरची धूळ बसते, आणि या मुलुखांत धुळीला काय तोटा! खाणींच्या बाजूस कोळशाची काळी, सिमेंटच्या कारखान्यांजवळ चुनखडीची पांढरी, सुरजागडच्या वाटेवर लोहखनिजाची तांबडी. ओल, धूळ आणि अंधार एकत्र आल्यावर जंतु व बुरशी यांस आणखी काय हवें? त्यांचा बुळबुळीत थर जाळीवर धरतो व पंखा सुरू होतांच त्याचा वास आंत येतो. सशक्त माणसास हा केवळ उपद्रव होय; पण दमेकरी मुलास घेऊन मूल-सावलीच्या रस्त्यानें गडचिरोलीच्या इस्पितळाकडे निघालेल्या कुटुंबास ही हवा बाधक ठरूं शकते.

झाडांचाही यांत भाग आहे. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपरांच्या बुडाशीं, बाहेरची हवा आंत घेणारी एक जाळी असते. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढला, कीं जो तो गाडी झाडाखालीं लावतो. मग पालापाचोळा तेथें सांचून पहिल्या पावसांत कुजतो. मोहाची गोष्ट तर मौजेची आहे. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें पहांटे टपटप गळतात. तीं साखरेनें भरलेलीं असल्यामुळें ओलींत लवकर आंबतात, आणि गाडीला चक्क दारूचा दर्प येऊं लागतो. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेव्हां तपासणीच्या नाक्यावर अशा गाडीच्या निर्व्यसनी मालकाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

उपायांत सर्वांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे. मुक्कामाच्या ठिकाणापासून चार-पांच मिनिटें अलीकडे एसी बंद करावा, पंखा मात्र चालूं ठेवावा व बाहेरची हवा आंत घ्यावी. जाळी सुकते, सुकलेल्या जाळीवर बुरशी वाढत नाहीं. हवा आंतल्या आंत फिरविण्याचें बटण बल्लारपुरासारख्या ठिकाणीं, कागद गिरणीच्या वाऱ्यांतून जातांना, उपयोगी खरें. पण तें दिवसभर दाबून ठेवल्यास श्वासांतील ओल गाडींतच कोंडते. वायपरांखालचा पाला आठवड्यास हातानें काढावा. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागें घडीदार कागदाचा फिल्टर असतो. या धुळींत तो वर्षांतून एकदां तरी बदलावा. झटकून पुन्हां बसविण्याची काटकसर फुकट जाते. एसी चालूं असून गाडीखालीं पाणी पडत नसेल आणि पायाखालचा गालिचा ओला लागत असेल, तर नळी तुंबली असें समजून ती मोकळी करून घ्यावी. इतकें करूनही वास न गेल्यास कारागिराकडून त्याच कामासाठीं बनविलेल्या फेसाळ द्रवानें जाळी धुवून घ्यावी. ब्लीचिंग पावडर मात्र तेथें कदापि वापरूं नये; ॲल्युमिनियम खातें, आणि तिचा वायु घशाला व फुप्फुसांना घातक असतो.

प्रत्येक वास कुबटच असतो असें नाहीं. पाकासारखा गोडसर वास येऊन कांच आंतून चिकट धुरकटत असेल, तर इंजिन थंड ठेवणारा विषारी द्रव गळत आहे. जळकट वास किंवा पेट्रोलचा वास आल्यास गाडी तत्काळ उभी करून खालीं उतरावें. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. म्हणून बंद आवारांत इंजिन चालूं ठेवून एसींत झोप घेणें जिवावर बेततें.

राहतां राहिला मेलेल्या उंदराचा वास. रानालगतच्या घरीं गाडी कांहीं दिवस उभी राहिली, कीं उंदीर पंख्याच्या डब्यांत घर करतात. तेथें हातमोजे घालून, घाण आधीं जंतुनाशकानें भिजवूनच काढावी. कोरडी झाडल्यास ती श्वासावाटे फुप्फुसांत जाते. त्याच खेपेस जवळच्या तारांचें आवरण कुरतडलेलें नाहीं ना, हेंही कारागिराकडून पाहून घ्यावें.