हेम्प ड्रग्ज कमिशनाचा अहवाल व तंबाखूचा प्रश्न

गांजाच्या सेवनास कायद्यानें मोकळीक द्यावी कीं न द्यावी, हा वाद सध्यां युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत चालू असून त्याचे पडसाद आपल्याकडेहि उमटूं लागले आहेत. मोकळिकीचा पक्ष घेणारे एक मुद्दा हटकून पुढें करितात तो असा कीं, तंबाखू ही गांजाहून अधिक प्राणघातक असतां ती पानपट्टीच्या दुकानांत राजरोस विकली जाते, आणि गांजा बाळगणारा मात्र तुरुंगांत जातो. यावर प्रतिपक्षाचें उत्तर असें कीं, एक आपत्ति पूर्वींच पदरांत पडली आहे म्हणून दुसरी जाणूनबुजून ओढवून घेणें शहाणपणाचें नव्हे. उभयपक्षीं १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा हवाला दिला जातो, पण अहवाल मुळांतून वाचण्याची तसदी फार थोडे घेतात असें दिसतें. वादाचा निवाडा करणें हें इतिहाससंशोधकाचें काम नव्हे. तथापि ज्या कागदाच्या आधारें निवाडा मागितला जातो तो कागद कसा तयार झाला व त्यांतील साक्ष कोणत्या प्रतीची आहे, हें पाहणें आमचें काम खास आहे.

प्रथम या दोन वनस्पतींचें आपल्या देशांतील वय ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण त्यांत फार अंतर आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत सोम ज्यांचा राजा अशा वनस्पतींबरोबर ‘भंग’ शब्द आला आहे. तेथील भंग म्हणजे आजची भांगच असें छातीठोकपणें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु वनस्पतीचा परिचय जुना आहे यांत वाद नाहीं. तंबाखूची गोष्ट निराळी. ती अमेरिकेंतून पोर्तुगीजांमार्फत आली. गोव्यास १५६३ सालीं छापलेला गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ या बाबतींत मोठा बोलका आहे. ओर्ता हा गोव्यांत वैद्यकी करणारा पोर्तुगीज. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. (मरणोत्तर, १५८० सालीं, इन्क्विझिशननें त्याचीं हाडें उकरून जाळलीं, हें येथें अवांतर.) त्याच्या ग्रंथांत भांगेवर स्वतंत्र संवाद असून, गुजराथच्या बहादूरशहानें एका पोर्तुगीज सरदारास आपण रात्रीं दूरदेशीं जाऊं इच्छिलें कीं थोडी भांग घेतों असें सांगितल्याची गंमतीची हकीकतहि आहे. तंबाखूवर मात्र संवाद नाहीं.

यानंतर चाळीस वर्षांच्या आंत तंबाखू विजापुरास पोहोंचली. अकबराचा वकील असदबेग आदिलशाही दरबारीं गेला असतां त्यास ती तेथें दिसली. पूर्वीं हिंदुस्थानांत असा पदार्थ न पाहिल्यामुळें त्यानें रत्नजडित नळीसह ती बरोबर घेतली व १६०४ च्या सुमारास परत येऊन बादशहापुढें ठेविली. पुढील प्रसंग असदबेगानें स्वतः लिहून ठेविला आहे. बादशहानें दोन-तीन झुरके घेतले. हकिमानें हरकत घेतली कीं, आमच्या ग्रंथांत या वस्तूचे गुणदोष लिहिलेले नाहींत, तेव्हां परदेशीयांच्या अनुकरणानें ती घेणें बरें नव्हे. असदबेगाचें उत्तर असें कीं, जगांतील प्रत्येक चाल केव्हां तरी नवीच होती. बादशहास असदबेगाचें म्हणणें पटलें, त्यानें स्वतः तंबाखू ओढण्याचें सोडलें तरी सरदारांत ती पसरली. आज इतक्या वर्षांनीं पाहतां, हकिमाची बाजू बरोबर होती पण त्याचें कारण लंगडें होतें असें म्हणावें लागतें. पदार्थ ग्रंथांत नाहीं एवढ्यावरून तो वाईट ठरत नाहीं. तो वाईट आहे हें सिद्ध होण्यास पुढें साडेतीनशें वर्षें लागलीं.

त्याच १६०४ सालीं इंग्लंडांत राजा पहिला जेम्स यानें तंबाखूची निर्भर्त्सना करणारी पुस्तिका निनांवी प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं तंबाखूच्या दर पौंडास दोन पेन्स असलेल्या जकातीवर आणखी सहा शिलिंग आठ पेन्स चढविले. निंदा व वसुली हीं दोन्हीं एकाच हातानें एकाच वर्षीं व्हावीं, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. इकडे जहांगिरानें १६१७ सालीं तंबाखू ओढण्यास बंदी केली. तिचा परिणाम काय झाला हें सांगण्यास पुरावा शोधण्याची गरज नाहीं. घरोघरची तंबाखूची चंची पुरेशी आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. २ मार्च १८९३ रोजीं पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्समध्यें डब्ल्यू. एस. केन या मद्यपाननिषेधक सभासदानें हिंदुस्थानांतील गांजासंबंधानें प्रश्न उपस्थित केला. तो बंगालपुरता होता. सरकारनें चौकशी सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू केली. कमिशनांत सात सभासद होते. अध्यक्ष पंजाबचे मॅकवर्थ यंग. इतर गोऱ्या सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमनी, छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर, व कलकत्ता मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन. आणि एतद्देशीय तिघे, ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग व मुझफरनगरचे लाला निहालचंद. ३ ऑगस्ट १८९३ रोजीं कलकत्त्यास पहिली बैठक झाली व वर्षभरांत, ऑगस्ट १८९४ मध्यें, सिमल्यास काम संपलें. ११९३ साक्षीदार तपासले गेले. त्यांत सरकारी अधिकारी, डॉक्टर, वैद्य, हकीम, शेतकरी, व्यापारी, मिशनरी असे सर्व थरांचे लोक होते. मुख्य अहवाल व पुरावा मिळून सात खंड झाले.

अहवालांत भांग, गांजा व चरस यांचा भेद नीट केलेला आहे, आणि पुढील कायद्यांचा उलगडा त्यावांचून होत नाहीं. भांग म्हणजे पानें. गांजा म्हणजे मादी झाडाचे, बीजधारणा न झालेले, राळेनें भरलेले तुरे. चरस म्हणजे ती राळच. गांजाच्या शेतांत नर झाडें वेळींच उपटून टाकावीं लागतात, नाहींतर बीं धरून माल वायां जातो. बंगालमध्यें हें काम करणारे खास पारखी असत. बंगालचा गांजा राजशाही जिल्ह्यांतील नौगांवचा, मध्यप्रांताचा खांडव्याकडचा, व आपल्या इलाख्यांतला मुख्यतः अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतला. चरस यारकंदाहून लेहमार्गें पंजाबांत उतरे. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनीं भांगेच्या धार्मिक महत्त्वावर लिहिलेलें टिपणहि अहवालास जोडलेलें आहे. टिपण माहितीनें भरलेलें आहे, पण लेखकाचा सूर इतका भक्तिभावाचा आहे कीं, त्यावरून सर्वसाधारण हिंदूंचें मत काढणें धोक्याचें होईल.

परंतु आमच्या दृष्टीनें अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा होय. गांजानें वेड लागतें ही समजूत त्या वेळीं सार्वत्रिक होती, आणि तिला आधार सरकारी कोष्टकांचाच होता. दरसाल प्रत्येक इस्पितळ वेडाचीं कारणें छापीत असे व त्यांत ‘गांजा’ हा रकाना भरलेला असे. कमिशननें आंकडे तसेच न घेतां रकाना कोणी व कशावरून भरला याचा शोध केला. तेव्हां आढळून आलें तें असें. रोग्याबरोबर पोलिसांकडून किंवा मॅजिस्ट्रेटकडून जो वर्णनाचा कागद येई त्यांत ‘कारण’ असें एक घर असे. घर रिकामें ठेवणें बरें दिसत नसे. रोगी रस्त्यांत सांपडलेला, आप्त कोणी नाहींत, अशा स्थितींत तो गांजा ओढीत होता अशी नुसती वदंता असली तरी घर भरलें जाई. इस्पितळाचा अधिकारी तेंच पुस्तकांत उतरून घेई. पुस्तकावरून कोष्टक, कोष्टकावरून वार्षिक अहवाल, आणि वार्षिक अहवालावरून डॉक्टरांचें मत. पुढें तोच डॉक्टर साक्षीस आला म्हणजे आपल्या अनुभवाचा दाखला देई. एकाच शिपायाची नोंद चार तोंडांनीं बोलत होती.

१८९२ सालच्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांचें वेड गांजाभांगेमुळें असें लिहिलेलें होतें. कमिशननें या प्रकरणांची शक्य तेथें रोग्याच्या गांवीं पुन्हा चौकशी करविली. ९८ प्रकरणांतच गांजाभांगेचा संबंध मानण्यास जागा उरली, व त्यांतहि केवळ याच पदार्थांवर दोष ठेवतां येईल अशीं ६१ होतीं. शिवाय वेडाच्या आरंभीं माणूस व्यसनाकडे वळतो, म्हणजे कारण म्हणून लिहिलेलें पुष्कळदां परिणामच असतें, हेंहि कमिशननें नमूद केलें. बखरींची परीक्षा करणाऱ्या आमच्या वाचकांस ही पद्धत ओळखीची वाटेल. दहा बखरी एकच गोष्ट सांगतात, पण दहांहि एकीवरून उतरलेल्या असल्या तर साक्षीदार एकच.

कमिशनचा निष्कर्ष असा: मित सेवनापासून बहुधा अपाय नाहीं, अतिसेवन शरीरास व मनास घातक आहे, सर्वस्वीं बंदी आवश्यकहि नाहीं व इष्टहि नाहीं; परवाने, कर व बाळगण्याची मर्यादा यांनीं नियंत्रण करावें. आजचे मोकळिकीचे पुरस्कर्ते हाच निष्कर्ष उद्धृत करितात. ते एक गोष्ट सहसा सांगत नाहींत. तीन एतद्देशीय सभासदांपैकीं राजे शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद या दोघांनीं भिन्नमतपत्रिका जोडल्या असून गांजाचे दुष्परिणाम बहुमतानें कमी लेखले असें त्यांचें म्हणणें होतें. दुसरें असें कीं, अबकारीचें उत्पन्न घेणारें सरकारच चौकशी करीत होतें. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाहीं. पण वाचतांना ही गोष्ट नजरेआड करूं नये.

तंबाखूची अशी चौकशी झाली नाहीं. ज्या काळीं गांजाच्या चिलमीवर सात खंड लिहिले गेले, त्या काळीं त्याच चिलमींत गांजाबरोबर मिसळली जाणारी तंबाखू कोणी प्रश्नास योग्य मानली नाहीं. कारण उघड आहे. तंबाखूनें माणूस रस्त्यांत बरळत नाहीं, त्यामुळें पोलिसाचें लक्ष तिकडे जात नाहीं. तिचा मृत्यु वीस-तीस वर्षांनीं, घरांत, दुसऱ्या नांवानें येतो. हें नांव उघड करण्याच्या कामांत मुंबईचा वाटा मोठा आहे. १९४१ सालीं परळास टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें, आणि तेथील वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५० सालीं लंडनच्या इस्पितळांतून डॉल व हिल यांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रोगी व तितकेच इतर रोगी समोरासमोर ठेवून तपासले. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे दोन निघाले, दुसऱ्या बाजूस सत्तावीस. इस्पितळांच्या कोष्टकांत जी गोष्ट नव्हती ती येथें होती: तुलनेसाठीं दुसरी रांग. पुढें डॉल यांनीं ब्रिटिश डॉक्टरांचाच पन्नास वर्षें मागोवा घेतला. २००४ सालीं निष्कर्ष आला कीं, जन्मभर धूम्रपान करणारे सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें तंबाखूनें दरसाल सत्तर लक्षांहून अधिक माणसें मरतात. हिंदुस्थानांत २०१६-१७ च्या पाहणींत शेंकडा २८.६ प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत ओढणाऱ्यांहून खाणारे व लावणारे अधिक. महाराष्ट्रांत तर विडीहून चुना-तंबाखूचा व मिश्रीचा प्रसार पुष्कळच मोठा आहे. दांत घासण्याच्या निमित्तानें भाजलेली तंबाखू दिवसांतून अनेक वेळां हिरड्यांस लावणारी घरांतील बाई स्वतःस व्यसनी समजत नाहीं, व कोणत्याहि पोलिसाच्या कागदांत तिची नोंद होत नाहीं. २००३ सालीं तंबाखूसंबंधीं केंद्राचा कायदा झाला, २०१२ सालीं महाराष्ट्रानें गुटख्यास बंदी केली. पण तंबाखूच्या पिकावर पोट असलेला शेतकरी व विडीकामगार हा प्रश्नाचा दुसरा पदर आहे, आणि १९८१ सालच्या निपाणीच्या आंदोलनांत गोळीबारापर्यंत मजल गेली होती हें विसरतां येत नाहीं.

गांजाचा कायदा या दरम्यान उलट दिशेनें गेला. १९२५ च्या जिनीव्हा करारांत त्याचा समावेश झाला. १९६१ च्या न्यूयॉर्क येथील करारानें तो अत्यंत कडक वर्गांत घातला, मात्र तुऱ्यांवांचून असलेलीं पानें व्याख्येबाहेर ठेविलीं. १९८५ च्या आपल्या कायद्यांत हीच व्याख्या आली, म्हणून गांजा व चरस गुन्हा, आणि भांग प्रांतिक सरकारांच्या अखत्यारांत. १८९४ च्या अहवालांतील भेद असा नव्वद वर्षांनीं कायद्यांत उतरला, पण त्याची शिफारस मात्र मागें राहिली. एक किलोपर्यंतच्या गांजासहि आज एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. २ डिसेंबर २०२० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजा त्या कडक वर्गांतून काढला. हिंदुस्थानानें काढण्याच्या बाजूनें मत दिलें. तत्पूर्वीं २०१३ सालीं उरुग्वेनें व २०१८ सालीं कॅनडानें तो कायदेशीर केला होता.

येथें जुन्या अहवालाची मर्यादा सांगितली पाहिजे. १९८७ सालीं स्वीडनमध्यें ४५,५७० सैनिकभरतीच्या तरुणांच्या मागोव्यावरून, पन्नासाहून अधिक वेळां गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण सहापट आढळलें. इतर कारणें वजा घालतां हें प्रमाण कमी होतें, पण नाहींसें होत नाहीं. गांजांतील मादक द्रव्य कोणतें हेंच मुळीं १९६४ पर्यंत निश्चित झालें नव्हतें, आणि आजचा पाश्चात्य बाजारांतील माल नौगांवच्या चिलमीहून बराच तीव्र आहे. म्हणून ‘गांजा निरुपद्रवी असें कमिशननें ठरविलें’ हें विधान दुहेरी चुकीचें आहे: कमिशननें तसें ठरविलें नाहीं, आणि ठरविलें असतें तरी तें आजच्या मालास लागू झालें नसतें. कमिशननें एवढेंच दाखविलें कीं, ज्या पुराव्यावर लोकांस वेडे ठरविलें जात होतें तो पुरावा पुरावा नव्हता.

मुंबई इलाखा व वऱ्हाड येथील साक्षी सातव्या खंडांत आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें अहवालाचे खंड आतां सर्वांस पाहण्यास खुले केले असल्यामुळें ते घरबसल्या वाचतां येतात. नगर जिल्ह्यांतील लागवड, गांवोगांवचे परवाने, शिवरात्र व शिमग्याच्या चाली, बैराग्यांचे आखाडे यांविषयीं त्यांत पुष्कळ सामग्री आहे; ती स्थानिक कागदपत्रांशीं ताडून पाहण्याचें काम ज्यांस नगर व बीडकडील दप्तरें उपलब्ध आहेत अशा सभासदांनीं हातीं घ्यावें.