अंधश्रद्धा कशाला म्हणावे?

पुराव्याने सिद्ध न झालेली समजूत म्हणजे अंधश्रद्धा, हा या शब्दाचा सर्रास सांगितला जाणारा अर्थ अपुरा आहे. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, ही 1742 साली गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या पत्रव्यवहारातून पुढे आलेली अटकळ आजही सिद्ध झालेली नाही. तिला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही, कारण तिच्याविरुद्ध जाणारी एक जरी संख्या सापडली तरी गणिती ती सोडून देतील. अंधश्रद्धेचे लक्षण पुराव्याच्या अभावापेक्षा पडताळणी नाकारण्यात अधिक आहे.

सर्पदंशावरच्या मंत्रात हे स्पष्ट दिसते. साप चावलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला नाही तर विष चढले, असे मानतात. मग मांत्रिक ते ‘उतरवतो’. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे प्रमुख विषारी साप. बाकीचे बहुतेक बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात भिनतेच असे नाही. त्यामुळे मंत्र घातलेले पुष्कळ लोक वाचतात आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. रोगी दगावला तर ‘आणायला उशीर झाला’ किंवा ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हणतात. दोन्हीकडून मंत्र खराच ठरतो, आणि प्रतिविष देण्याचा मोलाचा वेळ मात्र हातचा जातो.

श्रद्धा हा शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला उद्देशून एक सूक्तच आहे. अंधश्रद्धा हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो चळवळीमुळे. श्याम मानव यांनी 1982 मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तर 1989 मध्ये नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. तरीही रोजच्या बोलण्यात आपली ती श्रद्धा आणि दुसऱ्याची ती अंधश्रद्धा, असाच वापर फार होतो. तो अन्यायाचा आहे. कसोटी दोघांना एकच हवी.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. बोलीत तो ‘जादूटोणाविरोधी कायदा’. त्याच्या लांबलचक अधिकृत नावात नरबळी, अमानुष व अघोरी प्रथा, जादूटोणा हे शब्द आहेत, अंधश्रद्धा नाही. मनात काय मानले जाते याची चौकशी कायदा करत नाही. तो कृत्य पाहतो: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या दाव्यावर पैसे उकळणे, साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. वारी, कीर्तन, पूजाअर्चा यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे.