गाळपाच्या दिवसांतले आरसे

सकाळी आठ. मुरूममध्ये दुचाकीच्या आरशांच्या दुकानाचं शटर वर करतो तेव्हा दूध घालून परतणारे एक-दोघे आधीच थांबलेले असतात. मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, आरशात दिसतो तो कॅन आणि स्वतःचा कोपर. मी आधी त्यांना गाडीवर बसवतो. हात हँडलवर, नजर समोर; मग आरसा फिरवतो. कोपराची जेमतेम कड आत यावी, बाकी सगळा रस्ता. तेवढ्यानं भागलं नाही तर लांब दांड्याचा आरसा देतो. काच मोठी घेतली तर कॅनच जास्त दिसतो. आरसा खांद्याच्या बाहेर गेला पाहिजे.

साडेदहा. कॉलेजची पोरं. ‘‘मामा, आरसे काढा, लूक जातोय.’’ मी काढत नाही. ‘‘बाळा, येणेगूरला सोलापूर–हैदराबाद रस्त्याला लागलास की मागचा कंटेनर कशात बघणार?’’ मागून येणारं वाहन चालकाला स्पष्ट दिसेल असा आरसा हवा, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. मग हँडलच्या टोकाला लावायचे गोल आरसे मागतात. दिसायला छान, पण काच लहान, आणि बघायला मान खाली घालावी लागते.

दुपारी यामाहा येते, उजव्या आरशाचे आटे खलास करून. यामाहाचा उजवा आटा उलटा असतो. समोरून धक्का बसला की आरसा तुटण्याऐवजी सैल होऊन फिरावा, म्हणून. कुणीतरी सरळ आट्याचा आरसा दाबून बसवलेला असतो. वाईट वाटतं, कारण आता काम होल्डरपर्यंत जातं.

चार वाजता एक आजोबा: ‘‘ट्रॅक्टर लांब दिसला, आणि लगेच शेजारी आला.’’ काच फुगीर आहे. रस्ता जास्त दाखवते, पण वस्तू लहान आणि लांब भासवते. दोन्ही बाजूंना एकाच जातीची काच घ्या म्हणतो. एक सपाट, एक फुगीर असली की अंतराचा अंदाज चुकतो. आणि वळण्याआधी एकदा मान वळवून बघाच.

संध्याकाळी विठ्ठलसाई कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर निघतात. बसवलेला आरसा मी त्याच गर्दीत चालवून बघतो. वेग वाढला की काच थरथरते. मागचे दिवे पुसट दिसले तर परत येऊन चौदाच्या पान्यानं नट आवळतो, तरी थांबलं नाही तर आरसाच बदलतो.

आठला हिशेब. उद्याच्या मालात डावे आरसे जास्त सांगितलेत. स्टँडवरून गाडी पडते ती बहुधा डावीकडेच.