इंजिनाचे झाकण: बोल्टांऐवजी क्लिपा

हिंगणघाट नागपूर-हैदराबाद महामार्गावर (पूर्वीचा क्र. ७, आता ४४) वसलेले. ड्रायव्हरशेजारी इंजिन असलेल्या जुन्या बसगाड्या आमच्या वेल्डर व कुशनवाल्या बंधूंना नव्या नाहीत. आतले बॉनेट बोल्टांनी आवळलेले; साधा पट्टा पाहायचा तरी पाने काढा! मग कंटाळून ड्रायव्हर दोनच बोल्ट लावून निघतो. फटीतून धूर केबिनमध्ये येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आम्ही सुचवतो: मागे दोन खुंट्या, पुढे ओढून बसणाऱ्या दोन क्लिपा, वर हँडल. कडेला उष्णता सोसणारी रबरपट्टी हवीच. फोम थेट पत्र्याला चिकटवू नये, मध्ये ग्लासवूल घालावे. गाडी देण्यापूर्वी अंधारात झाकणाखाली बॅटरी पेटवून पाहावे. उजेड दिसला तर पट्टी बदलावी.