महार रेजिमेंट : उपकार नव्हे, हक्क!

‘इंग्रजांनी लष्करात घेतले म्हणून तुम्ही वर आलात,’ असे आम्हाला अजूनही चारचौघांत ऐकवले जाते. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावातील आमच्या तरुणांपाशी याचे उत्तर तयार असले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढताना पडलेल्या महार सैनिकांची नावे तेथील विजयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यांच्या वारसांना इंग्रजांनी काय दिले? १८९० नंतर ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरतीच बंद केली! मनूने माणूस जन्मावरून तोलला, साहेबानेही तेच केले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दार उघडले नाही.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात मात्र आमच्या बाजूने बाबासाहेब उभे होते. १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर जाताच त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली, १९४२ साली कामठीला दुसरी. ही दुसरी बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती. युद्ध संपले, पण या वेळी रेजिमेंट मोडली नाही. १९४७ साली काश्मीरच्या लढाईत नाईक कृष्णा सोनावणे यांनी महावीर चक्र मिळवले. १९८७ साली श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. ज्यांना जातीमुळे दार बंद होते, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटने कोणालाही दार बंद केले नाही!

याला उपकार म्हणायचे काय? अर्ज, युक्तिवाद आणि रक्त देऊन मिळवलेला हा हक्क आहे.

कोर्टात पुरावा लागतो, इतिहासातही लागतो. म्हणून बंधू-भगिनींनो, घरातल्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, एखादे पदक असेल तर ते मोडीत घालू नका. त्यांची नावे, पलटण, साल वहीत उतरवा आणि ती वही बुद्धविहारात ठेवा. आपण लिहिले नाही, तर आपला इतिहास दुसरेच लिहितील.

जयभीम!