संडासाची टाकी भरेपर्यंत थांबू नका

ताईंनो, बैठकीत संडासाच्या टाकीचा विषय निघाला की आपण हसतो, नाहीतर पदर नाकाला लावतो. पण एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेला एका वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पात सफाईसाठी उतरलेले ४ कामगार दगावले. त्यामुळे यावर बोलायलाच हवं.

गोबरगॅस आपल्याला ठाऊक आहे. बंद टाकीत, हवा नसताना शेण कुजतं आणि जळणारा वायू तयार होतो. तो मिथेन. आपल्या सेप्टिक टँकमध्येही हेच होतं, फक्त तिथे तो वायू चुलीकडे न जाता पाइपातून आकाशात जातो. पृथ्वी तापवण्यात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट भारी. शिवाय टाकीत कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायूही साठतो. तो जास्त झाला की वास येणंच बंद होतं, माणूस बेसावध राहतो.

तळाला गाळ साचत जातो, तसं कुजणं वाढतं आणि घाण पुढच्या शोषखड्ड्यात वाहून जाते. म्हणून टाकी तुंबायची वाट बघू नका, दर २-३ वर्षांनी उपसून घ्या. आगाशी, अर्नाळा, निर्मळ या पट्ट्यात तर पाणी वरच लागतं, बावखलं आणि विहिरी जवळ असतात. खड्डा पाण्यात बुडालेला असला की मिथेनही जास्त आणि विहीरही नासते. जिथे जमीन कोरडी आहे, त्या गावात दोन खड्ड्यांचा संडास बरा. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यात वर्षभरानंतर चांगलं खत मिळतं.

आता गाडीचं. मैला उपसणारी गाडी आली, पैसे दिले, झालं असं आपण समजतो. पण ती गाडी रात्री नाल्यात किंवा खाडीत रिकामी झाली, तर तोच मैला तिथे कुजणार. आपण फक्त जागा बदलली. महापालिकेचा बोळींजचा प्रकल्प दिवसाला ३ कोटी लिटर क्षमतेचा आहे, आणि शहराचं सांडपाणी त्याहून कितीतरी जास्त. हा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला आहे. चांगल्या प्रकल्पात पाण्यात भरपूर हवा सोडतात, म्हणजे मिथेन कमी होतो, पण त्याला वीज लागते. गाळ मात्र बंद टाकीत कुजवून निघालेला वायू जाळला, तर त्याच वायूतून थोडी वीज परत मिळते. गोबरगॅसचीच मोठी बहीण म्हणा ना!

तेव्हा गाडीवाल्याला विचारा, "भाऊ, रिकामी कुठे करता?" आणि पावती मागा. हाच प्रश्न ग्रामसभेत, शहरात असाल तर प्रभाग कार्यालयात, गटाच्या लेटरहेडवर लेखी द्या. आणि कोणी म्हणालं, "ताई, माणूस उतरवतो, स्वस्तात होईल," तर सरळ नाही म्हणा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात काम सांगणाराही अडकतो.